शेजारच्या खिळ्यावरची चावी

आईचं ईमेल खातं बंद पडलं ते एका जुन्या मोबाइल नंबरामुळे. ओळख पटवायला कंपनीने त्या नंबरवर आकडे पाठवले आणि तो नंबर आम्ही कधीच सोडून दिला होता. फुकटची सेवा, दाद मागायची कुणाकडे? खात्यात माझ्या भावाची चार वर्षांची पत्रं होती. भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनात काम करतो. जहाज जुनं. फोन लागतो तो बंदरात, समुद्रात असताना आठवड्याला दोन ईमेल, एवढाच त्याचा आवाज. ती सगळी पत्रं एका दिवसात गेली. आई रडली नाही. "कागदावर असती तर पेटीत ठेवली असती," एवढंच म्हणाली. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

मी साकीनाक्याला एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. दुसऱ्यांचे सर्व्हर उभे करायचे आणि आपल्या आईची पत्रं परक्याच्या दारात ठेवायची, याची मला लाज वाटली. ठरवलं, आपला मेल सर्व्हर आपणच चालवायचा. भाड्याने सर्व्हर घेतला, आडनावाने पत्ता नोंदवला, आईचं आणि माझं खातं तिकडे हलवलं. ऑफिसात सगळे म्हणाले, "वेडी आहेस काय? विकतचं दुखणं आहे हे." मी ऐकते थोडीच! दोन महिने झकास चाललं. भावाची पत्रं येत होती, आईची उत्तरं जात होती.

मग एका दुपारी डबा खाता खाता मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरवर कोण आलं, कोण गेलं याची नोंद. पाहिलं आणि घास तोंडातच राहिला. दर काही सेकंदांनी कुणीतरी पासवर्ड लावून बघत होतं. कधी अ‍ॅडमिन नावाने, कधी टेस्ट नावाने, आणि एकदा थेट आईच्या खात्याच्या नावाने. जगातल्या प्रत्येक सर्व्हरवर हे चालतं, ही माणसं नसतात, यंत्रं असतात, हे मी कितीतरी ग्राहकांना समजावलंय. पण दार आपल्याच घराचं असलं की ते समजावणं काही कामाला येत नाही. मला भीती वाटली, खरीखुरी.

त्या दिवसापासून मला लॉगचं वेडच लागलं. रिक्षात बघायची, चहा उकळेपर्यंत बघायची, बोंबील साफ करताना मध्येच हात पुसून बघायची. चुकीचा पासवर्ड लावणाऱ्याला तीन वेळांनंतर हाकलायची सोय केली, लांबलचक पासवर्ड केले. तरी जीव थाऱ्यावर येईना.

आई म्हणाली, "एवढं कोण येतंय गं आपल्याकडे?"

"चोर."

"आपल्याकडे हाय काय चोरायला?"

तुझी पत्रं, असं म्हणणार होते. पण पुन्हा लॉगकडेच वळले.

एका रविवारी बाजारातून आले तर घराला कुलूप. आई देवळात गेली होती. म्हणून शेजारच्या मावशीकडे चावी आणायला गेले. खारदांड्याच्या कोळीवाड्यात आमची आणि मावशीची भिंत एकच. आमची चावी तीसेक वर्षं तिच्या दाराआडच्या खिळ्यावर असते. बापूस समुद्रावर, आई मासळी घेऊन बाजारात, मग आम्हा भावंडांना शाळेतून आल्यावर दार उघडून द्यायचं कुणी? मावशीने. त्या दिवशी चावी काढायला हात घातला, तर चावीच्या कडीत एक चिठ्ठी अडकवलेली. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात आईचा पासवर्ड.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, हे काय आहे?"

"तुझ्या आईने दिलंय. तिला मोतीबिंदू, दिसतंय कुठे? दुपारी मीच माझ्या फोनवर वाचून दाखवते तुझ्या भावाची पत्रं."

मी दोन महिने समजत होते की पत्र ऐकायला आई संध्याकाळी माझी वाट बघत असते. मी वाचायला लागले की ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवायची. मला बरं वाटावं म्हणून असेल. पण ते आता कळतंय. तेव्हा मी एवढंच बोलले, "मावशी, ही घराची चावी नाही, कुणाच्याही भिंतीवर टांगायला. तुमच्यामुळे सगळ्याची वाट लागली असती."

कुणाच्याही. हाच शब्द मी वापरला. मावशीने कडी माझ्याकडून घेतली. चिठ्ठी माझ्या हातात दिली. मग कडीतून आमच्या घराची चावी काढली आणि तीही दिली.

संध्याकाळी मी पासवर्ड बदलला आणि रागाच्या भरात आणखी एक बंदोबस्त केला. अनोळखी सर्व्हर पत्र घेऊन आला की त्याला सांगायचं, आता नाही, नंतर ये. खरा असेल तो थोड्या वेळाने परत येतो, चोराला तेवढा धीर नसतो. आमच्या धंद्यातली जुनीच युक्ती. बँकेची, वीजबिलाची पत्रं जरा उशिराने पण नीट येऊ लागली. लॉग बराच शांत झाला. मला वाटलं, जिंकले.

भावाचं पत्र त्या आठवड्यात आलं नाही. पुढच्याही नाही.

मी दोनदा त्याला लिहिलं, लिही रे, आई काळजी करतेय. उत्तर नाही. तो ज्या भागात होता तिकडे जहाजांवर हल्ले होत असल्याच्या बातम्या टीव्हीवर येत होत्या. आईने टीव्ही लावायचंच सोडून दिलं. दुपारी उंबऱ्यावर एकटी बसायची. मावशी आता येत नव्हती.

"बाय, तुझ्या त्या मशिनीत तर बिघाड नाय ना?"

"सर्व्हर ठीक आहे आई," मी म्हटलं. त्या वाक्यात माझा केवढा तोरा होता! आणि सर्व्हर ठीक म्हणजे दुसरीकडे काहीतरी बिघडलंय, हे मीच तिला सांगत होते.

भावाला जहाजावर पाठवणाऱ्या अंधेरीच्या एजंटच्या ऑफिसात फोन केला. जहाज ठरल्या वाटेवर आहे, कुणाला काही झालं असतं तर कळवलं असतं, असं उत्तर मिळालं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझा बापूस दोन दिवस परतला नव्हता, तेव्हा पण लोक हेच बोलत होते."

"आले ना पण बाबा?"

"तो आला. त्याच्या जोडीचा नाय आला."

सोळाव्या दिवशी ऑफिसात माझं कशातच लक्ष लागेना. खालच्या गाळ्यातलं लेथ मशीन डोक्यात फिरत होतं. सहज लॉग उघडला. इतके दिवस मी त्यात फक्त पासवर्ड लावणारे शोधत होते. त्या दिवशी भावाचा पत्ता टाकून शोधलं.

ओळीमागून ओळ आली. परवा, काल, आज सकाळी. प्रत्येक ओळीपुढे माझ्या सर्व्हरचं उत्तर एकच होतं, नंतर ये. जहाजाची पत्रं उपग्रहावरून एका कंपनीकडे उतरतात, आणि त्या कंपनीची बरीच यंत्रं आलटून पालटून ती पुढे पोचवतात. म्हणजे पत्र तेच, पण दरवेळी आणणारा नवा. माझ्या सर्व्हरला दरवेळी तो अनोळखीच. चार-पाच दिवस खेटे घालून पत्र भावाकडे परत जात होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्याच हातातला. तो नियम काढताना घाईत दोनदा चुकले.

अर्ध्या तासात एक पत्र आत आलं. आधीची सगळी परत गेलेली. मी ते न वाचता रिक्षा पकडली.

"आई, आलं! पत्र आलं!"

आईने दोन्ही हातांनी फोन धरला, कपाळाला लावला आणि माझ्याकडे परत दिला. मी वाचायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "तू नको. तिला बोलव. त्याची पत्रं तीच वाचते."

मी आमच्या घराची चावी घेतली आणि मावशीच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. हाक मारली. आतून आवाज आला, "कामात हाय मी. नंतर ये."

मला ते लागायलाच हवं होतं, लागलं. परत येऊन उंबऱ्यावर आईशेजारी बसले. आई फोनकडे बघत होती. मला वाटलं, मावशी नाहीच आली तर? पंधरा मिनिटांनी पुन्हा गेले. या वेळी मावशीने दार उघडलं. मी चावी पुढे केली. "मावशी, चुकलं माझं." तिने चावी घेतली, आधी खिळ्यावर अडकवली, मग चष्मा शोधला.

आमच्या ओट्यावर बसून तिने वाचायला सुरुवात केली.

"आये, ताय लिव म्हणते आणि मी लिवलं की परत पाठवते. तीन पत्रं परत आली. तू माझ्यावर रागावलीस काय? माझं काय चुकलं ते तरी सांग."

मावशी थांबली. माझ्याकडे बघायचं तिने टाळलं. आईने मात्र बघितलं.

"लिव त्याला," आई मला म्हणाली. "दार पोरीने लावलेलं. मी घरातच होती."