पीळ पडलेल्या चादरी

दम्मामच्या बाहेर, कतीफकडे जाणाऱ्या रस्त्यावर अपंगांसाठी एक निवासी संस्था होती. गफूर परकार तिथल्या लाँड्रीत कामाला होता. हर्णैजवळच्या गावातून तो शिंप्याच्या व्हिसावर आला, पण कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, त्याला धुलाईच्या मशीनपुढे उभं केलं, आणि सहा वर्षं तो तिथेच उभा होता.

वर पुरुषांचा वॉर्ड, खाली तळघरात लाँड्री. वरच्या बत्तीस जणांपैकी दोन-चार जणांचेच चेहरे त्याने पाहिले होते, पण ओळखत तो सगळ्यांना होता. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर खाटेचा नंबर असे. सात नंबरला निजवूनच भरवत असत, म्हणून त्याच्या उशीवर रोज शोरव्याचा ओघळ. एकोणीसच्या चादरीवर कमरेपाशी पिवळट चट्टा दिसायला लागला, तेव्हा ते काय आहे हे गफूरला कुणी सांगावं लागलं नाही. त्याचे वडील शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होते. कूस बदलली नाही तर पाठीला कशी जखम होते, हे त्याने घरीच पाहिलं होतं. पण लाँड्रीवाल्याने वर जाऊन सांगायचं कुणाला?

मग इराकने कुवेत घेतलं. वॉर्डात काम करणारे लोक सुट्टीच्या नावाने एकेक करून निघून गेले. जानेवारीत लढाई सुरू व्हायच्या चार दिवस आधी लाँड्रीतला हनीफही मुंबईला गेला. "तूही चल," तो म्हणाला. शरफुन्निसानेही पत्रात तेच लिहिलं होतं. गफूरने बायकोला उत्तर लिहिलं, की पासपोर्ट कफीलकडे आहे, तो देत नाही. ते खरंच होतं, पण त्याने फारसा मागितलाही नव्हता.

सायरन सुरू झाले आणि तिसऱ्या सकाळी गाठोड्यात चार चादरी वेगळ्या निघाल्या. लांबीने पीळ घातलेल्या, टोकं आवळून गाठ मारलेली. गाठोडं बांधायला वापरल्या असतील असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार आल्या. एकीवर रक्ताचे बारीक ठिपके होते. मनगट घासलं की येतात तसे. गफूर कोकणातल्या दर्यावरचा माणूस, गाठ कशासाठी मारली आहे ते त्याला कळत होतं. ती चादर तशीच हातात घेऊन तो जिना चढला.

वॉर्डाचा इनचार्ज पंकज होता, मिरजेत शिकलेला ब्रदर, तिशीचा. त्याचे डोळे तांबारले होते.

"ब्रदर, हे काय आहे?"

पंकजने चादरीकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. "गफूरचाचा, बत्तीस माणसं आहेत आणि आम्ही दोघं. सायरन झाला की सालेह फाटकाकडे धावतो. परवा रस्त्यावर जाऊन ट्रकपुढे उभा राहिला. त्याच्यामागे धावू, की ज्यांना उठता येत नाही त्यांच्यापाशी थांबू? तुम्हीच सांगा."

गफूर खाली आला, पण दिवसभर हात चालेना. हनीफ नसल्यामुळे मोठ्या चादरींच्या घड्या एकट्याने घालाव्या लागत, आणि प्रत्येक चादर जमिनीला लागून पुन्हा मळत होती.

दुसऱ्या सकाळी तो परत वर गेला. "सालेहला माझ्याकडे द्या. दिवसभर. मला दुसऱ्या टोकाला माणूस हवाय. हातापायाला काम मिळालं तर रात्री झोपेल."

"भाजलं-बिजलं तर?"

"तर माझं नाव सांगा."

सालेह चाळिशीचा होता, कतीफच्या कोळ्यांच्या घरातला, अंगाने दणकट. अकरा वर्षं तो इथे होता. बोलत नसे, पण सांगितलेलं त्याला कळायचं. गफूरने इस्त्रीच्या मशीनपासून दूर जमिनीवर खडूने रेघ मारली आणि त्याला रेघेच्या अलीकडे उभं केलं. मग ढिगातून एक चादर ओढून त्याच्यापुढे धरली.

"यल्ला, सालेह. पकड."

सालेहने चादरीकडे पाहिलं. मान खाली घातली आणि दोन्ही मनगटं जुळवून पुढे केली.

गफूरने ती चादर सालेहला दिसेल अशी दूर फेकली आणि उशीचा एक अभ्रा त्याच्या हातात दिला. आठ दिवस दोघांनी अभ्र्यांशिवाय कशाच्याच घड्या घातल्या नाहीत. सालेह वर गेल्यावर गफूर एकटाच चादरी उरकायचा. नवव्या दिवशी गफूर एक चादर झटकत होता, तर तिचं लोंबणारं टोक सालेहने आपणहून उचललं. गफूरने दोन पावलं मागे सरून चादर ताणली, आणि पलीकडूनही ताण आला.

वर काही सगळं बदललं नाही. सालेहची चादर सरळ येऊ लागली, उरलेल्या तिघांच्या पीळ पडलेल्याच येत. पण आता पंकज स्वतः खाली चहाला यायचा. गफूर त्याला डागांच्या चादरी दाखवायचा. "एकोणीस बघा. बाविसालाही सुरुवात झालीय." पंकज नंबर टिपून घ्यायचा आणि निदान त्यांची तरी दर दोन तासांनी कूस बदलायचा. बाविसाची जखम भरून आली. एकोणीसला उशीर झाला होता. फेब्रुवारीत त्याला इस्पितळात नेलं, तो परत आला नाही. त्याचे दोन थोब, पायघोळ अरबी अंगरखे, धुऊन, घडी घालून गफूरने ठेवून दिले होते. न्यायला कुणी आलं नाही.

लढाई संपली, रियाधला निघून गेलेले संस्थेचे प्रमुख, मुदीरसाहेब, परतले. लाँड्रीत वॉर्डाचा माणूस पाहून त्यांचा आवाज चढला. "मशीनमध्ये पाणी उकळतंय आणि हा इथे? कुणाच्या परवानगीने?"

गफूर पुढे होणार, तोच पंकज म्हणाला, "माझ्या. इथे नसता तर मी त्याला खाटेला बांधला असता, साहेब. आधी बांधतच होतो. तिघांना अजून बांधतो."

पंकजला लेखी ताकीद मिळाली. पण एप्रिलच्या सुरुवातीला चार नवी माणसं कामाला आली, आणि बांधायचं नाही असा कागद वॉर्डात लागला. कागद म्हणजे कागदच. तरी पीळ पडलेल्या चादरी हळूहळू थांबल्या. सालेहला सकाळचे दोन तास खाली यायची मुभा राहिली.

ईदच्या आदल्या दिवशी सालेहचा भाऊ कतीफहून आला. दरवर्षी तो फाटकाशी मिठाईचा डबा देऊन जायचा. यंदा पंकजने त्याला खाली आणलं. सालेह आणि गफूर समोरासमोर चालत येत होते, टोकाला टोक जुळवत, पुन्हा मागे सरत. भाऊ दारातच थांबला.

"हे त्याला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," गफूर मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला. "मला माणूस हवा होता."

त्या दुपारी भाऊ सालेहला गाडीत बसवून घरी घेऊन गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

पाचव्या दिवशी सालेह परत आला. घरच्यांनी का ठेवून घेतलं नाही, हे गफूरने विचारलं नाही. त्यांच्याही अडचणी असतील. नवाकोरा पांढरा थोब घालून सालेह लाँड्रीत आला, अंगाला अत्तराचा वास. गफूरने चादरीचं टोक पुढे केलं. सालेहने ते घेतलं नाही. आपल्या थोबावरून एकदा हात फिरवला आणि तो ऐटीत गाठोड्यावर जाऊन बसला.

"आज सुट्टी?" गफूर म्हणाला. "बरं. बस."