सगळ्या चौकटींत खुणा

उस्मानपुऱ्यातल्या घरी मी विद्यापीठातल्या मुलामुलींचे प्रबंध टाइप करून देत असे. त्या दुष्काळी वर्षांत शहराबाहेर नव्या इमारती उठत होत्या आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. अशात माझ्या कॉम्प्युटरने मला न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं आणि वर मलाच ऐकवलं, डिस्क भरली आहे. अपडेट त्याचं आणि जागा करायची मी!

हातात सिल्लोडकडच्या एका मुलीचा प्रबंध होता. दोन दिवसांत जमा करायचा, आणि फाइल सेव्हच होईना.

जागा कुणी खाल्ली ते शोधत गेले तर पडद्यावर नावं उमटली. आधीची सिस्टीम, अपडेटच्या उरलेल्या फायली, तात्पुरत्या फायली, डाउनलोड्स. प्रत्येकापुढे एक चौकट. खूण केली की ते पुसलं जाणार. आधीची सिस्टीम पुसली तर मागे फिरता येणार नाही, असंही खाली लिहिलेलं. आता मागे फिरायचंय की नाही, हे मला काय माहीत? नवं घेतल्यावर यानं जुनं जपून का ठेवलं? आणि जपलं होतं तर पुसायला माझ्यापुढे का मांडलं? माझं डोकं पार चक्रावलं.

नेमका नळाचा दिवस होता. आमच्या घरची रीत अशी, की नळ सूं करायला लागला की घरातलं एकूण एक भांडं रिकामं करायचं, शिळं पाणी झाडांना नि मोरीत. पाणी किती वेळ टिकेल याचा भरवसा नसे. त्याच धांदलीत नवरा ओल्या हातांनी माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"नवीन चालायलंय ना नीट?"

"चालायलंय."

"मग जुनं कशाला धरून बसलीस? कर की सगळं रिकामं."

आणि हंडे पालथे घालावेत तशा त्यानं सगळ्या चौकटींत पटापट खुणा केल्या, बटण दाबलं आणि नळाकडे पळाला.

जागा भरपूर झाली. प्रबंध मात्र कुठंच नव्हता. मुलीने मेलवर पाठवलेली प्रकरणं मी डाउनलोड्समध्येच उघडायची आणि तिथंच दुरुस्त करायची. मग मी नवऱ्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. "पण ते जुन्यात कशाला ठेवलंस?" एवढंच तो विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. झालेलं सगळं मी तिला सांगितलं. तिच्याकडे बघायचीही मला लाज वाटत होती. मेलमध्ये तिचा कच्चा मजकूर होता. आम्ही दोघींनी शेजारी बसून केलेल्या दुरुस्त्या तेवढ्या गेल्या होत्या. तिला आठवतील तशा त्या पुन्हा करायला बसलो.

प्रबंधात टँकरच्या रांगेतल्या बायकांच्या मुलाखती होत्या. त्यात एकीचं उत्तर पुन्हा समोर आलं: "रांगेत मी उभी राहते, पोरीला नाय उभी करत. तिला वाचायचं असतंय." गाईड सरांनी हे विषयाला सोडून आहे म्हणून काढायला लावलं होतं, ते मला पक्कं आठवत होतं. मी ते पुसायला घेतलं.

"राहू द्या काकू," ती म्हणाली. "माझी आई हाय ती."

"आणि सर?"

"सरांना मी सांगते."