धोंडघळीतली प्रतवारी

सायखेड्यात ज्यांच्या शेतात टोमॅटो आहे, त्यांच्या घरात ऑक्टोबर महिन्यात कुणी आजारी पडत नाही. पडायला वेळच नसतो. अशा ऐन हंगामात एका घरची सून दर शनिवार-रविवारी पहाटेची एसटी धरते, त्र्यंबकच्या डोंगरात जाते आणि अनोळखी लोकांना दोरावरून धबधब्यात सोडते, हे गावाच्या पचनी पडायला अंमळ वेळ लागला. सासूच्या तर चार वर्षांत पडलं नव्हतं.

सून म्हणजे प्रतिभा. माहेर डोंगराच्या पायथ्याचं. लग्नाआधी नाशिकच्या गिर्यारोहणाच्या एका क्लबात ती दोर बांधायला शिकली होती. लग्नानंतर माणसाने असल्या गोष्टी विसराव्यात अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. ती विसरली नाही. पुढे शेखर नावाचे एक गृहस्थ सिन्नरच्या एका कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि स्वस्थ बसवेना म्हणून धोंडघळीत सहली काढू लागले. तेव्हा त्यांनी पहिला फोन प्रतिभालाच केला.

धोंडघळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली, पाण्याने कापत नेलेली अरुंद वाट. पाऊस सरला की तिच्यातून ओढा शहाण्यासारखा वाहतो, आणि माणसाला वरून खाली यायचं तर कुठे चालत, कुठे पोहत, कुठे दोराला लटकत यावं लागतं. सहलीचे तीन गट. पहिला गट खालच्या डोहांमधून गुडघाभर पाण्यात फिरतो. दुसरा तीस फुटांचा एक कडा उतरतो. तिसरा थेट माथ्यावरून निघतो. त्याला सहा कडे, त्यातला एक सव्वाशे फुटांचा, तोही धारेखालून. येणारा प्रत्येक जण आपण तिसऱ्या गटातले आहोत असं धरूनच येतो.

कोण कुठे जाणार ते प्रतिभा ठरवते. फॉर्मवर काय लिहिलंय ते ती वाचत नाही, कारण फॉर्मवर लोक सर्रास हिमालय लिहितात. ती प्रत्येकाला ओढ्यातल्या धोंड्यांवरून चालायला लावते, स्वतः मागे उभी राहते आणि मध्येच एकदा शिट्टी वाजवते. शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबायचं, एक पाय हवेत असला तरी. घळीत पाण्याच्या आवाजात बोलणं पोचत नाही, शिट्टी पोचते. जो थांबत नाही तो पहिल्या गटात, मग तो पैलवान का असेना. मागच्या वर्षी एका निवृत्त कर्नलसाहेबांना तिने असं डोहात पाठवलं. ते म्हणाले, मी वर तक्रार करीन. शेखर म्हणाले, वर मीच आहे.

आता मालनबाई. प्रतिभाची सासू, वय बासष्ट. टोमॅटोची प्रतवारी करावी तर त्यांनी. ढिगासमोर बसल्या की हात आपोआप चालतात. हा लांबच्या बाजाराला, हा नाशिकला, हा घरी. सख्ख्या भावाचा माल असला तरी डागाचा टोमॅटो त्या वरच्या क्रेटमध्ये जाऊ देत नाहीत. पण गेल्या दोन वर्षांत बाई फारच ताठ झाल्याची घरात तक्रार होती. मागून हाक मारली तर वळत नाहीत. विचारलं एक तर उत्तर देत नाहीत, नाहीतर भलतंच देतात. लिलावाला जाणंसुद्धा सोडलं. मुलाला, ज्ञानेशला, पुढे केलं. सगळ्यांचं एकमत होतं की म्हातारी शेफारलीय. प्रतिभाने तर एकदा भांडणात तोंडावर सांगितलं होतं.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालनबाईंनी ढिगावरून नजर न उचलता जाहीर केलं, "शनिवारी म्या येते तुझ्यासंगं. काम असंल तर जात जा. तमाशा असंल तर रैवारपास्नं इथं बसायचं. येकदाच सांगते."

ज्ञानेशने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि क्रेट मोजायला निघून गेला. मालनबाई बोलल्या म्हणजे ते तसंच होणार, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. प्रतिभाला चार वर्षांपासून.

शनिवारी पहाटे दोघी निघाल्या. मालनबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट मारला होता आणि त्यावर ज्ञानेशचा फुल शर्ट घातला होता. नाशिकहून शेखरची जीप. जीपमध्ये लतिका नावाच्या एक दंतवैद्य होत्या, त्यांना घरच्यांनी वाढदिवसाची भेट म्हणून पाठवलं होतं आणि त्या घरच्यांवर नाराज होत्या. मयुरेश नावाचा एक तरुण होता, त्याने आपला हिमालय त्र्यंबक येईपर्यंत पुरवला. आणखी चार-पाच जण होते. मालनबाई कुणाशी बोलल्या नाहीत.

ओढ्याशी परीक्षा झाली. लतिकाताई घाबरत घाबरत चालल्या, पण शिट्टी वाजताच अशा थांबल्या की पुन्हा चला म्हणून सांगावं लागलं. त्या दुसऱ्या गटात. मयुरेश शिट्टीनंतर तीन पावलं चालून थांबला आणि "मोमेंटम होता," म्हणाला. तो पहिल्या गटात.

मग मालनबाई निघाल्या. काय चालल्या. साठ वर्षं बांधावरून, विहिरीच्या पायऱ्यांवरून, डोक्यावर ओझं घेऊन चाललेली बाई; शेवाळलेल्या धोंड्यावर पाऊल ठेवताना तिचा तोल कसला जातोय. शेखर कौतुकाने बघत राहिले. प्रतिभाने शिट्टी वाजवली. मालनबाई चालत राहिल्या. प्रतिभाने पुन्हा वाजवली, जोरात. मालनबाई पार पलीकडे पोचल्या, वळल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

प्रतिभाच्या डोक्यात तिडीक गेली. इथेसुद्धा, तिला वाटलं, चार लोकांत सुनेच्या शिट्टीला थांबायचं म्हणजे कमीपणा.

"अगं, काय फिट आहेत त्या," शेखर हळूच म्हणाले. "तिसऱ्या गटात घे. मी आहे सोबत."

ज्ञानेशचाही फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "घे ना तिसऱ्यात. एका दिवसाचा प्रश्न आहे. ती खूश झाली की सुटलीस तू कायमची."

खरंच सुटली असती. चार वर्षं हवं होतं ते एका होकारावर मिळत होतं. प्रतिभाने फोन खिशात टाकला आणि मालनबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "आई, तुम्ही पहिल्या गटात."

मालनबाईंनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. "पोराटोरांत?"

"हो. शिट्टीला थांबला नाहीत."

"बरं," मालनबाई म्हणाल्या. हे बरं कसलं असतं ते सासुरवाशिणीला सांगावं लागत नाही.

त्या दिवशी शेखर तिसरा गट घेऊन माथ्यावर गेले, दुसरा त्यांच्या मदतनिसाकडे गेला, आणि प्रतिभाने पहिला गट घेतला, निदान सासूपाशी तरी राहता येईल म्हणून. त्यामुळे सासू जे बघायला आली होती ते तिला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच की आपली सून गुडघाभर पाण्यात मयुरेशचा हात धरून त्याला दगड ओलांडायला लावतेय. प्रतिभा मनात टोमॅटोच्या ढिगासमोर जाऊन बसली होती. हंगाम गेला, हे ती धरून चालली होती.

दुसऱ्या डोहाशी वरून शिट्टी आली. लांब, न तुटणारी. ही शिट्टी म्हणजे वरून दगड सुटलाय, कड्याला चिकटा. हे सकाळी सगळ्यांना शिकवलेलं होतं. प्रतिभाने माणसं कड्याला लावली. मयुरेश तर सर्वांत आधी चिकटला. मालनबाई मात्र सगळ्यांच्या पुढे, डोहाच्या मधोमध, पाण्यातला कसलासा पाला बघत संथ चालल्या होत्या.

प्रतिभा धावली. पाण्यात धावता येत नाही, पण ती धावली. तिने सासूला मागून कमरेत धरलं आणि ओढत कड्यावर आपटलं म्हणायला हरकत नाही. नारळाएवढा दगड डोहात पडला. मालनबाई होत्या तिथेच पडला असं नाही, दोन हात पलीकडे. दोन हात काही फार नसतात.

"ढकलतेस का गं?" मालनबाई म्हणाल्या. मग त्यांना पाण्यावरची वर्तुळं दिसली. त्यांनी वर बघितलं, बाकीच्यांकडे बघितलं, सगळे कड्याला चिकटलेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते प्रतिभाने चार वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. बाई घाबरल्या होत्या, आणि दगडाला नाही.

वरून दोन शिट्ट्या आल्या, म्हणजे धोका टळला, तेव्हा प्रतिभाने गट पुढे काढला. जरा पुढे गेल्यावर मालनबाईंच्या चार पावलं मागे राहून तिने स्वतःची शिट्टी एकदा वाजवली. मयुरेश एक पाय हवेत धरून थांबला. बाकीचेही थांबले. मालनबाई चालत होत्या.

परतीच्या एसटीत दोघींना शेजारी जागा मिळाली. मालनबाई खिडकीशी बसल्या. नाशिक सोडून गाडी बरीच पुढे आली. मग मालनबाईच सुनेकडे वळल्या.

"घरी सांगायचं नाय," त्या म्हणाल्या. "ज्ञान्याला तर नायच. तू शनवार-रैवार जात जा. म्या आडवी येणार नाय."

घ्या. मागितलं नव्हतं तेवढं पदरात आलं. प्रतिभाला मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. तीन थांबे गेले.

"असं नको," शेवटी ती म्हणाली, तोंड सासूसमोर धरून, सावकाश. "आधी नाशिकला कानाच्या डॉक्टरकडे जायचं. सोमवारीच. माझं काय ते तुम्ही नंतर ठरवा. बस म्हणालात तर बसते घरी."

"आन नाय आले तर?"

"तर मी आज रात्री जेवताना सगळ्यांना सांगणार."

मालनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. डाग शोधताना बघतात तसंच.

"दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "लिलावात भाव कळंना. समोरचा बोलला तर वठावरनं कळतं, मागनं काय बी नाय. पाखरं बी नाय कळत आताशा." मग म्हणाल्या, "घरात सात माणसं. येकानं इचारलं नाय. सगळे म्हनले, म्हातारीला मस्ती आली."

"मी पण म्हणाले," प्रतिभा म्हणाली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. सकाळी ओढ्याशीसुद्धा तिने तेच धरलं होतं. निकाल बरोबर दिला होता, कारण साफ चुकीचं.

"ठावं हाय. तू तोंडावर म्हनलीस, म्हनून कळलं. बाकीचे मागं म्हनतात, त्ये काय माझ्यापोत येत नाय."

प्रतिभाच्या डोळ्यांतून पाणी आलं. कंडक्टरने तिकिटं विचारली तेव्हा प्रतिभाने सकाळची दाखवली आणि पुन्हा पिशवी चाचपून आताची काढली.

"सोमवारी जाऊ," मालनबाई म्हणाल्या. "घरी म्याच सांगते. आन शनवारी तू कामावर जा."

मग त्या उठल्या, चालत्या गाडीत दांड्याला धरून प्रतिभाला खिडकीशी सरकवलं आणि तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. पदर कानामागे सारला.

"या कानानं अजून जरा येतं," त्या म्हणाल्या. "आता सांग. त्या वरच्या दोरावर तू नेमकं काय करतीस?"