सूचक मामा, अनुमोदक मामी

आमच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नाही, आणि तरीही आमच्या सगळ्या खानदानात विमानात बसलेला पहिला माणूस तोच. पाल, वीज, विहिरीवरची मोटर, उतरणीवरची एसटी, तपासणीला येणारे साहेब आणि न तपासताच निघून जाणारे साहेब, या सगळ्यांना मामा सारखेच भीत. मामी वाळवण घालायला माळवदावर चढली की ते खाली शिडी धरून उभे राहत, डोळे मिटून. कपिलधारला गेलो की सगळे धबधब्याखाली, मामा मात्र चपला राखत भिंतीला पाठ लावून. कुणीही गावाला निघालं की मागून त्यांचं "हळू जा" ठरलेलं. बैलगाडीलाही ते हळू जा म्हणत.

तेलगावजवळच्या एका गावात ते शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचे सचिव होते. भित्र्या माणसाला याहून चांगली नोकरी नाही. सोसायटीत कुठलाही ठराव एकट्याच्या जिवावर होत नाही. एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो, पुढं काही वाईट झालंच तर ते दोघांत वाटून घेता येतं. मामांना ही रीत इतकी मानवली की त्यांनी ती घरात आणली. पिठलं करायचं की वरण, यालाही ठराव. मामा सूचक, मामी अनुमोदक. तिनं चुलीपुढून पिठाचा हात वर केला की मामांच्या जिवात जीव यायचा. नकोसा विषय निघाला की तो ते तहकूब ठेवत.

त्या दुष्काळात विहिरींनी तळ दाखवला, साखर कारखान्याचा पट्टा वेळेआधी पडून गाळप थांबलं, टँकर चौथ्या दिवशी येऊ लागला आणि मामीच्या छातीत गाठ निघाली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मुंबईला दाखवा म्हणून सांगितलं. मामांनी विषय तहकूब ठेवला. चारा छावणी मंजूर होऊ दे, जनावरं अशी उपाशी टाकून कसं जावं, असं म्हणत म्हणत दोन महिने काढले. मामांचं जेवण एका भाकरीवर आलं होतं. त्यांना मुंबईची भीती नव्हती, मुंबईचा डॉक्टर काय सांगेल याची होती. आम्हाला सगळ्यांना ते कळत होतं, पण बोलून दाखवायला आम्हीही भ्यालोच.

एके दिवशी माझ्या जीपमधून दोघांना पुन्हा अंबाजोगाईला नेलं. या खेपेला डॉक्टर चिडले. आणखी महिनाभर थांबलात तर माझ्याकडं येऊच नका, म्हणाले. तिथून आम्ही तसेच लातूरच्या विमानतळावर गेलो, कारण कारखान्याचे चेअरमन दुष्काळी पाहणीसाठी साहेबलोकांना घेऊन लहान विमानानं आले होते आणि छावणीच्या अर्जावर मामांना त्यांची सही हवी होती. विमान आमच्या जीपपेक्षा थोडंच मोठं असेल. दोन साहेब मुक्कामी राहणार होते. चेअरमन चढता चढता गमतीनं म्हणाले, "काय सचिव, दोन जागा रिकाम्या हायत. येता का मुंबईला?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी विमानाकडं पाहिलं, मग मामीकडं. मामीचा हात काही वर होईना. घरी जनावरं आहेत, दुसरं लुगडंसुद्धा बरोबर नाही, असं ती पुटपुटत होती.

"ह्या ठरावाला अनुमोदक लागत न्हाई," मामा म्हणाले. "चल."

पायरी ते डोळे मिटून चढले, तेव्हा एक चप्पल खाली पडली. ती मी उचलून दिली. तेवढ्यातही ते मला म्हणाले, जीप हळू ने. मग आत जाऊन त्यांनी वैमानिकालाही तेच सांगितलं.

पुढचं मामीनं सांगितलेलं. घाटावर विमानानं गचका खाल्ला तेव्हा मामांनी तिचं मनगट असं आवळलं की दोन बांगड्या पिचल्या. त्या गचक्यातच चेअरमननी अर्जावर सही केली. छावणी त्या वाकड्या सहीवर मंजूर झाली. मुंबईच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करताना मामांना शंका आली की नुसती सही ग्राह्य धरतील का. म्हणून त्यांनी खिशातून सोसायटीचा शिक्का काढून उमटवला आणि साक्षीदाराच्या जागी 'अनुमोदक' असं लिहून तिथं मामीचीच सही घेतली. तो कागद बघून सगळा वॉर्ड हसला म्हणे.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मामीनं समुद्र बघायचा ठराव मांडला. आयुष्यात पहिल्यांदाच ती सूचक झाली होती. गर्दीत चुकामूक नको म्हणून मामांनी आपल्या उपरण्याला तिच्या पदराची गाठ मारली. लोक वळून बघत होते. "लग्नातली गाठ भटजीनं सैल मारलती," मामी सांगायची, "ही लई घट होती." समुद्रापुढं उभं राहून मामा म्हणाले, "एवढं पाणी, आन् एक टँकर उभा न्हाई."

मामी त्यानंतर अकरा वर्षं जगली. ती गेल्यावर महिनाभरानं मी मामांना भेटायला गेलो, तर ते एकटेच माळवदावर बसलेले. शिडी धरायला खाली कुणी नव्हतं. मी घाबरून हाका मारल्या, तेव्हा शांतपणे उतरले. "आता कशाचंच भ्या वाटत न्हाई बघ," म्हणाले. जन्मभर आम्ही त्यांच्या भित्रेपणाला हसलो, आणि तो गेल्याचं ऐकून मला रडू आलं.

निघताना मोटारसायकल चालू केली. मागून काहीच ऐकू आलं नाही. मी गाडी बंद केली आणि वळून म्हणालो, "मामा, गाडी हळू चालवावी, असा मी ठराव मांडतो."

त्यांनी सावकाश हात वर केला.