दुसरा तक्ता

बस डेपोत चालकांचे डोळे तपासणाऱ्या तपासनीसांना सगळे 'विचारून सांगतो' म्हणत. कुणी काहीही मागितलं की हा माणूस आधी डोळे मिटून देवाला विचारणार, मगच तोंड उघडणार. "चहालासुद्धा वरून परवानगी लागते का हो?" अशी चेष्टा व्हायची. पूर्वी ते हसायचे. आता हसायचाही कंटाळा आला होता. निवृत्ती तोंडावर, गुडघे कुरकुरत होते, आणि आज खुर्चीत बसणार होता खुद्द जावई, याच डेपोतला चालक.

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता चालक घोकून येतात, हे उघड गुपित. म्हणून कपाटात दुसरा तक्ता असे; शंका आली की तो टांगायचा. परवा घरी जावयाने पाण्याचा पेला टेबलावर म्हणून ठेवला तो थेट जमिनीवर! शंका कसली, खात्रीच होती. पण नोकरी गेली तर लेकीचा संसार उघड्यावर.

"देवा, आजचा दिवस दुसरीकडे बघ ना. थकलो रे."

देव बोलला नाही. तो कधीच बोलत नसे. फक्त जुनाच तक्ता राहू द्यावा म्हटलं, की यांचा हात आपसूक कपाटाकडे वळायचा. त्यालाच ते आजवर उत्तर मानत आले होते. त्यांनी तक्ता बदलला.

जावई बसला आणि धडाधड म्हणत सुटला. कुठे अडखळणं नाही. सगळं बरोबर, फक्त कपाटात गेलेल्या तक्त्यावरचं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तो लाडिक हेल! लहानपणी लेक डेपोत येऊन त्याच तक्त्यापुढे डॉक्टर-डॉक्टर खेळताना अगदी तश्शीच म्हणायची. शिकवणी कुणाची, ते कळलं.

"पुरे," ते म्हणाले. "उद्यापासून गाडी नाही."

संध्याकाळी लेक दारात उभी, डोळे सुजलेले.

"देवाला विचारलंत. मला का नाही विचारलंत, बाबा?"

"तुझं उत्तर जावयाच्या तोंडून ऐकलं ना मी, तुझ्याच हेलात."

ती मटकन खाली बसली.

"मीच ह्यांच्याकडून घोकून घेतलं," ती म्हणाली. "ह्यांना दिसत नाही, ठाऊक होतं मला. रोज हे कामावर निघाले की मीही डोळे मिटायचे. म्हणायचे, देवा, आज कुणाचं लेकरू आडवं येऊ देऊ नकोस."

तपासनीस तिच्याशेजारी जमिनीवरच बसले.

"उद्या तेवढं म्हणावं लागणार नाही," ती म्हणाली, आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडली.