पान एक्कावन्नवरची कोयरी

वाचनालयाच्या काउंटरवर वीस वर्षं बसलं की पुस्तकांपेक्षा पुस्तकं परत करणाऱ्यांचेच किस्से जास्त साचतात. पुस्तकांना निदान कपाट आहे, हे किस्से ठेवायचे कुठं? म्हणून सांगून टाकते.

आमच्या नांदेडच्या वाचनालयात सध्या एकच माल चालतो. खून, नाहीतर डोक्याचा गुंता. सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणे! नवं पुस्तक आलं की सभासद विचारणार, "मॅडम, कसंय?" म्हणून मला ते आधी वाचावं लागतं. वाचून वाचून थकले हो मी. बायको बेपत्ता, नवरा गोड गोड बोलतोय, आणि शेवटच्या दहा पानांत सगळं उलटंपालटं. परवाच्या एकात तर खुनी वर्षभर प्लॅन करतो, हातमोजे घालतो, बूट जाळतो आणि पेट्रोलपंपाची पावती खिशात तशीच ठेवतो! अरे येड्या, एवढी अक्कल चालवलीस, मग खिसा का नाही बघितलास?

असो. आधी आमच्याकडची एक पद्धत सांगते. ह्या पुस्तकांची कव्हरं सगळी सारखीच, काळी, आणि त्यावर एक पाठमोरी बाई. आपण हे वाचलंय की नाही, कळावं कसं? म्हणून जुने सभासद पुस्तक वाचून झालं की पान एक्कावन्नवर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं आपापली निशाणी करतात. कुणाचं स्वस्तिक, कुणाचा त्रिकोण. पुस्तक नेण्याआधी पान एक्कावन्न उघडायचं, निशाणी दिसली की परत ठेवायचं. नियमात हे बसत नाही. पहिली दोन वर्षं मी खोडरबर घेऊन भांडले, मग नाद सोडला.

*

आमचे जमादार भोकरचे, पोलिसातून रिटायर झालेले. निशाणी म्हणून स्वतःचा बक्कल नंबर टाकतात. पुस्तक परत करताना जबानी दिल्यासारखं मत देतात.

"मॅडम, ह्यो फौजदार तीन दिसांत खुनी धरतोय. तीन दिसांत मला पंचनाम्याला पंच गावत नव्हता!"

एकदा तीन सभासद भांडत आले. पुस्तकात पान चाळीसवर कुणीतरी लिहून ठेवलेलं, 'खुनी वकील आहे.' सगळी मजा गेली म्हणून तिघांनी पुस्तक अर्धवट सोडलेलं. मी ते आधीच वाचलं होतं. खुनी वकील नव्हताच, मेहुणी होती! अक्षर जमादारांचं. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "माझ्या तपासात वकीलच निघतोय. लेखकानं चुकीचा माणूस धरलाय."

*

सुलभावहिनी आमच्याच गल्लीतल्या. त्यांना ते गोळ्या खाऊन सगळं विसरणाऱ्या बायकांचं पुस्तक लागतं. मागच्या आठवड्यात पुस्तक काउंटरवर आपटलं.

"नवी शेजारीण येती काय, अन् सहा म्हैने तिचं नाव-गाव कुणाला ठावं न्हाई! आपल्या गल्लीत टेम्पोतून गॅसची टाकी उतरायच्या आत बाईचं माहेर कळतंय."

मी म्हटलं, "वहिनी, ते परदेशातलं आहे."

"मंग तितं खून होणारच की! एकमेकांच्या घरी जात न्हाईत, चहा न्हाई का इचारपूस न्हाई."

*

उमरीकडचे बापूराव महिन्यातून एकदा बाजाराला आले की दोन पुस्तकं नेतात. शेती आहे, दोघा भावांचा बांधाला बांध. त्यांना दिलेल्या कादंबरीत बॉडी शेतात पुरलेली असते आणि सात वर्षं कुणाला पत्ता नसतो. बापूरावांनी निम्म्यातच परत आणली.

"पटत न्हाई मॅडम. मी बांधाजवळ नुसती कुदळ टाकली, तर भाऊ मोजणीचा नकाशा घेऊन हजर हुतोय!"

*

आता गायकवाड सर. खरं तर ह्यांच्यासाठीच एवढं सगळं सांगायला बसले.

सर शाळेत गणित शिकवायचे. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दोन पेपर शेजारी ठेवले की कुणी कुणाचं बघून लिहिलं, हे ते अक्षराच्या वळणावरून सांगायचे. कादंबऱ्यांवर मात्र राग. वाचायच्या त्यांच्या मिसेस, गायकवाड बाई. वीस वर्षांत आमचं खुनाचं जवळजवळ अख्खं कपाट त्यांनी वाचलं. त्यांची निशाणी कोयरी. इवलीशी, नाजूक, एका झटक्यात काढलेली.

बाई दिवाळीनंतर गेल्या. दोन महिन्यांनी सर पहिल्यांदा वाचनालयात आले. त्यांच्या हातात बाईंचंच कार्ड होतं.

"तिनं वाचलेलं एखादं द्या," म्हणाले. मी पान एक्कावन्न उघडून कोयरी दाखवली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुस्तक घेऊन गेले.

तेव्हापासून दर बुधवारी एक. कोयरी असेल तरच नेणार. मी म्हटलं, सर, हे नवं चांगलं आहे. पान एक्कावन्न बघून त्यांनी परत दिलं.

एकदा काउंटरशी वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? बारा पुस्तकं झाली. नऊमधी नवऱ्यानंच बायकोला मारलंय. ही दुपारभर असलं वाचायची, अन् मी शाळेतून आलो की हसून चहा द्यायची?"

मी शिक्क्याची शाई शोधायला लागले.

"अन् राहिलेल्या तिन्हींत बायकोनं नवऱ्याला मारलंय. चहातूनच!"

जमादार शेजारी उभे होते. म्हणाले, "सर, तुमी अजून जित्ते आहात, म्हंजी बाई तुमच्यावर खूश व्हत्या."

सर हसले. बाई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मला रडू आलं, उगाच रजिस्टर चाळत बसले.

*

पण बाईंनी वाचलेली पुस्तकं काही वाढणारी नव्हती. वीस वर्षांतली बहुतेक पुस्तकं फाटून गेलेली, काही हरवलेली. उन्हाळा आला तसा कोयरीवाल्या पुस्तकांचा तळ दिसायला लागला. शेवटची तीन उरली तेव्हा सरांनाही कळलं.

"एवढी झाली की कार्ड बंद करा. पोरगा कवाचा लातूरला बोलावून राहिला. चौथ्या मजल्यावर फ्लॅट हाय त्याचा."

"तुम्हाला जायचंय का, सर?"

"जायचं न्हाई. पण इथं बुधवार सोडला तर बाकीचे दिवस कशासाठी काढू?"

असं बोलतात का हो कुणी काउंटरवर? दिवसभर माझं कशात लक्ष लागेना.

तिनाची दोन झाली. दोनाचं एक. तेही बुधवारी परत आलं. जमादार, सुलभावहिनी, दोघंही तिथंच होते. सरांनी कार्ड काउंटरवर ठेवलं.

मी म्हटलं, "थांबा सर. मागच्या खोलीत एक राहिलंय वाटतं."

मागच्या खोलीत गेले. नव्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक काढलं, पान एक्कावन्न उघडलं आणि पेन्सिलीनं कोयरी काढली. पान जुनं दिसावं म्हणून कोपरा दुमडला, बोटानं जरा मळवला. जन्मात पहिल्यांदा वाचनालयाचं पुस्तक मी स्वतः खराब केलं.

सरांनी पान उघडलं. पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन निशाणी बघितली. कार्ड पुढं सरकवलं. मी एन्ट्री केली. ते गेल्यावर सुलभावहिनींनी माझ्या बोटांकडं बघितलं. बोटं शिशानं काळी झालेली.

"हात धू बाई," एवढंच म्हणाल्या.

*

पुढच्या बुधवारी सर वेळेवर आले. पुस्तक काउंटरवर ठेवलं.

"कसं वाटलं, सर?"

"डॉक्टरनं मारलंय. तिसऱ्याच प्रकरणात कळलं मला. चांगला हुशार माणूस, पण चूक करतोच." सरांनी पहिलं पान उघडलं आणि छपाईच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे यंदा छापलंय, मॅडम."

जमादार खुर्चीवरून उठून उभे राहिले.

सरांनी सावकाश पान एक्कावन्न काढलं. दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला.

"सर, मी..."

"तिच्या कोयरीचा देठ डावीकडं असायचा," सर म्हणाले. माझ्या कानावरची पेन्सिल मागून घेतली, रजिस्टरच्या कडेला एक कोयरी काढून दाखवली आणि पेन्सिल मला परत दिली.

"पुढच्या पुस्तकात नीट काढा."