उलट्या चुगल्या

चुगलीखोर माणसं मी आयुष्यात खंडीभर पाहिली. पण लोकांच्या फक्त चांगल्याच चुगल्या करणारा इसम एकच, सेलूच्या शाळेच्या बांधकामावरचे आमचे मुकादम. नामांतराच्या बातम्यांनी पेपर भरलेले असायचे, त्या दिवसांत मी तिथं नवाकोरा ओव्हरसियर होतो. मुकादम भर उन्हात काळा कोट घालत, मिटलेल्या छत्रीनं भिंती मोजत आणि कानाशी लागण्याआधी चोरासारखे आजूबाजूला बघत. मग कुजबुजत, अमका तुमची तारीफ करत होता. शेवटी ठरलेली ताकीद, "मी सांगितलं म्हनून कुठं बोलू नका." पहिल्याच महिन्यात माझ्या चुकीनं एक भिंत पाडावी लागली आणि मी राजीनामा लिहून बसलो. मुकादम कानाशी आले. ताडकळसचे म्हातारे मिस्त्री म्हणाले होते म्हणे, या सायबाला भिंतीची नजर हाय. राजीनामा मी फाडून टाकला.

हे म्हातारे मिस्त्री चुन्याच्या जमान्यातले. भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडून एक डोळा मिटायचे, तो बिडी संपेपर्यंत उघडायचेच नाहीत. पाथरीचा तरणा मिस्त्री खिशात टेप ठेवी आणि ट्रान्झिस्टरच्या गाण्यावर विटा चढवी. यांना ती गाणी सोसत नसत, त्याला ती बिडी. एकाच कोपऱ्याच्या दोन भिंती दोघं बांधत होते, पण अबोला धरून. व्हायचं तेच झालं. भिंती भिडल्या तेव्हा थर दोन बोटं खालीवर. तरणा हसला. म्हाताऱ्यांनी थापी पिशवीत टाकली आणि एस्टी स्टँडची वाट धरली. त्या वयात त्यांना दुसरं काम कुणी दिलं नसतं, आणि शाळेच्या दाराची कमान त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हती.

मुकादम छत्री सावरत मागं धावले. पोरगं रडायला आलंय, बाबासारखा कोपरा जन्मात जमायचा नाही म्हणतंय, असं सांगून त्यांना परत आणलं. तरण्याला सांगितलं, बाबा म्हणतात, पोराचा हात साफ आहे. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी चहा घेताना तरणा ताकीद विसरला आणि त्यानं म्हाताऱ्यांचे आभार मानले. दोघांचं बोलणं ताडून झालं, तेव्हा मुकादम उघड्या छत्रीआड गेले होते. आता पिशवी पुन्हा उचलली जाणार, हे मी धरूनच चाललो. म्हातारे उठून तरण्याच्या भिंतीशी गेले. ओळंबा सोडला, डोळा मिटला. बिडी संपली.

"मी तसं म्हनलो न्हवतो," ते म्हणाले, "पन हात साफ हाय."

तरण्यानं ट्रान्झिस्टर बंद केला. "बाबा, कोपरा कसा धरायचा, एकडाव दाखवा की."

मला मात्र त्या दिवसापासून एका शंकेनं धरलं. ताडकळसच्या बाजारात म्हातारे मिस्त्री पुढं कितीदा भेटले, पण माझ्या नजरेबद्दल ते खरंच काही म्हणाले होते का, हे विचारायचा धीर झाला नाही. मग ते गेले, मुकादमही गेले. मी मोठा साहेब होऊन रिटायरसुद्धा झालो. माझ्यामागं कोण काय बोलतं, हे लोक आजही आवर्जून येऊन सांगतात. त्यात चांगलं एक अक्षर नसतं, आणि मुकादमांची फार आठवण येते.